कोण राहिली, काय राहिलं: अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' चंदगडमधून ऐकताना

(चंदगड इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतली दोन उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाच्या पाटीवर 'स्वतंत्र गायक-गीतकार' असे शब्द आहेत. हल्ली हा शब्द बराच ऐकू येतो. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं आणि मागं कुठली कंपनी नाही. मोबाईलवर गाणं टाकणारी आपल्याकडची पोरं स्वतःला असंच म्हणवून घेतात. त्यात चुकीचं काही नाही. फक्त एवढंच सांगतो, की या कामाला मराठीत जुना शब्द आहे. शाहीर. लिहिणारा तोच, गाणारा तोच, आणि समोर बसलेल्यांच्या तोंडाकडं बघून पुढचं कडवं लांबवायचं की आवरायचं हे ठरवणाराही तोच.

तर आज एका शाहिराच्या एकाच गाण्याबद्दल बोलणार आहे. शाहीर अण्णा भाऊ साठे आणि गाणं 'माझी मैना'. तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्यांना पाठ आहे. पाठ आहे ते अर्धं गाणं. माझं म्हणणं असं आहे, की हे गाणं अर्धं म्हटलं की त्याचा अर्थ कमी होत नाही, उलटा होतो. आणि ते पूर्ण म्हटलं, तर चंदगडच्या माणसाला त्यात असं काही सापडतं, जे पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला सहज सापडणार नाही.

आधी माणूस थोडक्यात. तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग समाजात जन्म, शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणी घरच्यांबरोबर मुंबईला आले ते पायी चालत. तिथं पडेल ते काम केलं, गिरणीत राबले. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. नात्यातल्या माणसाच्या तमाशाच्या फडात वावरले, त्यामुळं ढोलकी कुठं थांबते आणि शब्द कुठून उचलायचा हे अंगात मुरलं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी तिथल्या डासांवर गाणं रचलं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. माणसाला रात्री झोप लागत नाही, म्हणून तो त्यावर गाणं करतो. मोठा विषय शोधत बसत नाही.

पुढं १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथक उभं राहिलं. स्टालिनग्राडचा पोवाडा, बंगालच्या दुष्काळावरचा पोवाडा, 'अकलेची गोष्ट'सारखी नाट्यं. तमाशाची चौकट त्यांनी घेतली, पण गणात गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन घातलं. गवळण काढून टाकली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तमाशा चालत नाही तर याला लोकनाट्य म्हणू, अशी वाट काढली गेली आणि तो शब्द पुढं मराठीत रुजला.

वाळवा तालुक्याचं आणखी एक नाव इथं घ्यायला हवं. पठ्ठे बापूराव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, म्हणजे त्याच मुलखातले. बापूरावांनी मुंबईवर लावणी केली, तीत शहराचा थाटमाट बघून हरखलेला माणूस दिसतो. अण्णा भाऊंनीही 'मुंबईची लावणी' केली. त्यांनी बघितलं ते माळ्यावरून नव्हे, फुटपाथवरून. एका बाजूला हवेल्या, दुसऱ्या बाजूला उघड्यावर निजणारी माणसं. ढोलकी तीच, लावणीचा ठसका तोच. बघणाऱ्याची उभं राहायची जागा बदलली, तेवढ्यानं शहर बदललं. 'माझी मैना'मध्ये ते आणखी एक पाऊल पुढं गेले. त्यांनी मुंबई बघितली ती गावात मागं राहिलेल्या बाईच्या आठवणीतून.

आता गाण्याकडं येऊ. हे गाणं छक्कड आहे. छक्कड हा तमाशातला चटपटीत प्रकार. शृंगार, छेडछाड, थोडी थट्टा. लोक सैलावून बसतात. अण्णा भाऊंनी मुद्दाम हाच प्रकार घेतला असं म्हणता येतं, कारण पहिल्या कडव्यात ते अगदी रीतीप्रमाणं वागतात. मैनेचं रूप, तिचा बांधा, तिचं चालणं, तिचे गुण. श्रोता म्हणतो, वा, रंगात आला शाहीर.

मग गरिबी येते आणि जोडप्याची ताटातूट होते. पहाटेची वेळ, भाकरतुकडा बांधून दिलेला, आणि ती त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला येते. तिचा चेहरा उतरलेला बघून तो तिला हसवायचा प्रयत्न करतो. पत्रं पाठवीन म्हणतो, दागिने करीन म्हणतो. आणि इथं दागिन्यांची यादीच सुरू होते. त्या यादीत कोल्हापुरी साजही आहे, म्हणजे आपलाच. गायला फार मजा येते ही यादी. ढोलकीवाल्यालाही येते.

इथं मला जरा थांबायचंय. कारण गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट या यादीनंतर घडते, आणि टाळ्यांच्या नादात ती निसटते. एवढे दागिने ऐकून मैना हसत नाही. बस्स. एक शब्द बोलत नाही, भांडत नाही, रडून अडवत नाही. हसत नाही, आणि हात वर करून उभी राहते.

काही लोक आक्षेप घेतात की या गाण्यात बाईला आवाज नाही. तिचं वर्णन आहे, तिचं म्हणणं नाही. आक्षेपात तथ्य आहे. पूर्ण गाणं पुरुषाच्या तोंडी आहे, आणि रूपवर्णनाचं कडवं लावणीच्या ठराविक साच्यातलं आहे. त्यात नवं काही नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. पण तिचं ते न हसणं हा मला तिचा आवाज वाटतो. तिला कळलंय की ही यादी कधी पुरी व्हायची नाही. नवऱ्यालाही कळलंय. शाहिराला तर कळलंच आहे. तिला लगेच हसवलं असतं तर गाणं गोड झालं असतं आणि तिथंच संपलं असतं.

पुढं मुंबई. बेकारांची गर्दी, त्यात हा आणखी एक. आणि मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. इथं गाणं वळण घेतं. शाहीर म्हणतो, माझी नि मैनेची जी गत झाली, तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची झाली. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या ताब्यात. एका तुलनेवर सगळं गाणं पेललेलं आहे. आपण काव्यात बाईला भूमीची उपमा देतो, भारतमाता म्हणतो. यानं उलट केलं. आधी बाई खरी करून दाखवली, भाकरी बांधणारी, वेशीपर्यंत येणारी, न हसणारी. आणि मग नकाशाला तिची उपमा दिली. त्यामुळं बेळगाव हा शब्द येतो तेव्हा तो कागदावरचा ठिपका उरत नाही. तिथं कोणीतरी हात वर करून उभं आहे असं वाटतं.

आता या गाण्याची कळ. ध्रुवपदाचा सगळा भार एका साध्या क्रियापदावर आहे: राहणं. मराठीत या शब्दाची गंमत बघा. 'तो गावात राहतो' म्हणजे वस्ती करतो. 'पोरगं मागं राहिलं' म्हणजे सुटलं. 'ती उभी राहिली' म्हणजे टिकली. 'काम राहिलं' म्हणजे करायचं बाकी आहे. अण्णा भाऊ हे सगळे अर्थ एकामागून एक वाजवतात. सुरुवातीला बायको गावी राहते. निरोपाच्या वेळी ती उभी राहते. आणि गाणं संपताना तेच क्रियापद परत येतं, तेव्हा राहिलेली असते ती लढाई. मागं हटू नका, काम बाकी आहे, असं सांगून गाणं थांबतं. चाल तीच, यमक तेच, शब्द तोच. पण आरंभी जो शब्द उसासा होता, तो शेवटी हाक झालेला असतो.

म्हणून मी म्हटलं, अर्धं गाणं म्हणजे उलटं गाणं. आज स्टेजवर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मोबाईलवरच्या तुकड्यांत बहुतेकदा रूप आणि दागिने एवढंच गायलं जातं. कारण ते गोड आहे, नाचता येतं, आणि त्यात राजकारण नाही. मग 'राहणं' याचा एकच अर्थ उरतो, विरह. बाकी राहिलेलं काम ऐकूच येत नाही. जे गाणं तुकडे झालेल्या प्रदेशाबद्दल आहे, त्याचेच आपण तुकडे केले.

आता चंदगड.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना अमलात आली. तोवर चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं वगळून. आपला तालुका कोल्हापूरला जोडला गेला आणि द्विभाषिक मुंबई राज्यात राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. आता गाण्यातली यादी आठवा. बेळगाव आहे, कारवार आहे. चंदगड नाही. असायचं कारणच नाही, चंदगड राहिलं ना!

पण 'राहिलं' म्हणजे काय? महाराष्ट्रात राहिलं, हे खरं. आणि बेळगावपासून मागं राहिलं, हेही खरं. ज्या शहराला आपण बाजाराला जायचो, ज्याच्याशी सोयरीक होती, ते दुसऱ्या राज्यात गेलं. रणजित देसाई आपल्याच तालुक्यातल्या कोवाडचे. कोवाडहून बेळगाव किती आणि कोल्हापूर किती, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. जाणाऱ्यांचं दुःख मोजलं गेलं, ते योग्यच होतं. राहणाऱ्यांचंही काही तुटलं, ते कुणाच्या यादीत आलं नाही. बेळगावचा प्रश्न १९६६ साली महाजन आयोगाकडं गेला, २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दर निवडणुकीला दोन्ही बाजूंनी दागिन्यांची यादी वाचली जाते. सीमाभागातली माणसं ऐकतात. मैनेसारखीच.

आणि चंदगडला या गाण्याशी जोडणारी दुसरी गोष्ट सीमेहूनही जुनी आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड हा सगळा पट्टा मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारा. गिरणगावात गावाच्या नावानं खोली असायची. एका खोलीत पाळीप्रमाणं झोपायचं, खानावळीत जेवायचं, गावी मनीऑर्डर पाठवायची. म्हणजे इथं घरोघरी मैना होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि कितीतरी माणसं कायमची गावी परतली. अण्णा भाऊंच्या गाण्यात नवरा कधी परत येत नाही, गाणं त्याआधीच संपतं. इथं तो परत आला, पण तोड्याशिवाय, साजाशिवाय, हिशेब न मिळता. त्या घरांतल्या बायकांनी तोवर वीस-वीस वर्षं शेत ओढलेलं होतं. हे गाणं कुणीच लिहिलं नाही. 'माझी मैना'चं खरं उत्तर मैनेच्या तोंडून यायला हवं होतं, आणि ते यायची जागा असलाच एखादा तालुका.

आता शाहिराच्या संसाराबद्दल थोडं, कारण विषयात 'कारकीर्द' शब्द आहे. एवढी गाजलेली गाणी, त्यातून माणसाला काय मिळालं? कलापथकावर बंदी आली, पुढं सोबती आपापल्या वाटेनं गेले. चळवळीच्या मैदानात गाणी हजारो तोंडांत पोचली, पण तोंडात पोचलेल्या गाण्याचं मानधन येत नाही. अण्णा भाऊ गद्याकडं वळले. कथा, कादंबऱ्या. 'फकिरा' १९५९ ची, तिला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' यांवर सिनेमे निघाले. १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. तरीही आयुष्याचा मोठा भाग घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत गेला, आणि १८ जुलै १९६९ ला गेले ते हलाखीतच. वय एकोणपन्नासही पुरतं नव्हतं. त्यांची गाणी ज्या खड्या आवाजानं घराघरांत नेली, ते अमर शेख बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात गेले. एका पावसाळ्यात दोन्ही आवाज थांबले.

पुढं २००२ साली टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. चांगलं झालं. पण पुतळा उभा करणं सोपं असतं, कारण पुतळ्याला पूर्ण गाणं म्हणावं लागत नाही.

तर मग समीक्षक म्हणून या गाण्याला कुठं ठेवायचं? मी असं म्हणेन. पहिलं कडवं परंपरेनं दिलेलं, चांगलं पण ओळखीचं. चळवळीचा भाग काही ठिकाणी त्या दिवसांपुरता, त्यातले संदर्भ आज समजावून सांगावे लागतात. पण निरोपाचा प्रसंग आणि तिथून नकाशाकडं जाणारी उडी, याला मराठी गीतात तोड नाही. घरच्या दुःखाला सार्वजनिक करताना बहुतेक कवी घर विसरतात. यानं घर सोबत नेलं. आणि हे जमलं ते छक्कडीसारख्या हलक्या मानल्या गेलेल्या प्रकारात, ढोलकीच्या ठेक्यावर, शिकलेल्या माणसांची परवानगी न घेता.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाचे होते, कलापथक पक्षाचं होतं. मग त्यांना 'स्वतंत्र' कलावंत कसं म्हणायचं?

चांगला प्रश्न आहे. पैसा, व्यासपीठ, श्रोते हे सगळं चळवळीनं दिलं, हे मान्यच करायला हवं. नुसतं हुशारीवर कुणी वर येत नाही. पण स्वातंत्र्य कुठं बघायचं? मी ते गाण्याच्या आत बघतो. केवळ प्रचार करायचा असता, तर निरोप घेताना मैनेच्या हातात झेंडा दिला असता, तिच्या तोंडी घोषणा घातली असती. सोपं होतं. त्यांनी तिला न हसता उभं केलं. त्या जागी शाहीर ना पक्षाचं ऐकतो, ना श्रोत्यांचं, बाईचं ऐकतो. आणि आज ज्याच्या मागं कंपनी नाही, पक्ष नाही, तोही किती लोकांनी बघितलं याचा आकडा बघून चाल ठरवत असेल, तर त्याला स्वतंत्र म्हणायचं का, हेही विचारायला हवं.

प्रश्न: मी स्वतः गाणी करतो. आता लोक मिनिटभरसुद्धा थांबत नाहीत. पूर्ण गाणं ऐकवायचं कसं?

अर्धं ऐकवायचं असेल तर शेवटचं अर्धं ऐकवा. दागिन्यांची यादी लोकांना पाठ आहे, तिच्यासाठी तुमची गरज नाही. काम काय राहिलंय, तिथून सुरू करा. लोकांना प्रश्न पडेल की ही बाई कोण आणि ती का हसत नाहीये. मग ते मागचं शोधत येतील. आणि दुसरं, 'माझी मैना' परत परत गाण्यापेक्षा तुमच्या गल्लीत गिरणीतून परतलेल्या एखाद्या माणसाची म्हातारी असेल, तिच्याजवळ दोन दुपारी जाऊन बसा. तो मुंबईला होता तेव्हा घरी काय काय चाललं होतं, ते विचारा. ती बोलेल तसंच लिहून घ्या, चंदगडी बोलीत. प्रमाण मराठी करू नका. चाल नंतर सुचेल.

ते गाणं लिहायचं राहिलंय.